चोपन्न नंबरचा पाहुणा

बोलतेय ती मी, एक काळी व्हिडिओ कॅसेट. एक अख्खा सामना माझ्या पोटात आहे, पण माझं सगळं आयुष्य गेलं ते त्यातल्या अर्ध्या मिनिटापायी.

जन्म अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका कॉलेजातला. शनिवारचा फुटबॉलचा सामना (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि अंगावर आदळून अडवायचं) सोमवारी अख्ख्या संघाला दाखवायचा, ही तिथली रीत. कोच हॅन्लीनं मला यंत्रात सारलं. पडद्यावर बचावफळीतला लेनर्ड कुचेरा, नंबर चोपन्न, डोकं खाली घालून चेंडूवाल्यावर असा आदळला की चेंडू एकीकडे अन् गडी दुसरीकडे. पोरांनी बाकं बडवली. मग लेनर्ड उठला, झुलत झुलत चालू लागला आणि पुढचा डाव ठरवायला गोल करून उभ्या असलेल्या समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. वर एकाच्या खांद्यावर हातही टाकला.

"काय रे लेनी, जेवायला बोलावलं होतं वाटतं त्यांनी?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

खोली हसून हसून लोळली. 'पाहुणा' हे नाव पडलं ते कायमचं. कोचनं मला सात वेळा मागं घेतलं. लेनर्डही हसत होता, पण मधेच त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, "नंतर मी खेळलो का रे?"

"खेळलास की, शेवटपर्यंत."

मला तेव्हाच कसंतरी झालं. पण कॅसेटचं कोण ऐकतो?

मोठ्या संघांनी काही त्याला घेतलं नाही. कोचनं निरोपाला मला त्याच्या हातात ठेवलं. लेनर्ड गावी परतला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, डोरिसशी लग्न केलं. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणं झाली की मेहुणे ओरडायचे, "लेनी, पाहुणा लाव की!" हातात भोपळ्याच्या गोड पाईची बशी घेऊन माणसं हसायची. तेवढ्याच जागी मी झिजले, चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या.

पन्नाशीच्या आतच तो स्वतःच्या दुकानाचा रस्ता चुकायला लागला. कॉफी गार झाली म्हणून एकदा त्यानं कपाटाचं दार बुक्कीनं फोडलं. गरीब गाय म्हणावा असा माणूस! मग एका रविवारी चर्चहून तो थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि तिथल्या बाईला म्हणाला, "डोरिस, वाढ गं." शेजारी पोट धरून हसले. म्हणाले, "पाहुणा तो पाहुणाच!"

डोरिस हसली नाही. घरी येऊन तिनं पहिल्यांदाच मला एकटीनं लावलं. ती धडक तिनं पाहिलीच नाही. त्यानंतरची त्याची पावलं पाहत राहिली, पुन्हा पुन्हा. मग तोंडाला एप्रनला खोचलेला टॉवेल लावून म्हणाली, "देवा, डोक्याला मार लागला होता त्याच्या, आणि सत्तावीस वर्षं आम्ही हसत होतो."

परवा लेनर्डनंच हट्ट धरला, कॅसेट लाव म्हणून. डोरिस नको नको म्हणत होती, तरी लावावी लागली. चोपन्न नंबर आदळला, उठला, झुलत चालू लागला. लेनर्ड खुर्चीत पुढं सरकला.

"डोरिस, कोण गं हा मुलगा?"

तिनं त्याचा हात हातात घेतला.

"बरं नाहीये त्याला. चालणं बघ ना त्याचं. कुणी बाहेर का काढत नाही?"

का, ते मला ठाऊक आहे. सगळे हसत होते; त्या खोलीत मी होते. तुमच्या मैदानावर कुणी असा चालताना दिसला, तर कृपा करून त्याला आधी खाली बसवा. मला कितीही मागं घेतलं, तरी मी त्याला बसवू शकत नाही.