अहो बाहेर, अगं आत

मी हेडफोन बोलतोय. दचकू नका. आजवर दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या कानात पोचवत आलो, आज जरा माझंही ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला कानाला लावलं, एक बारीक सूर आणि एक जाड सूर ऐकला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बरा आहे." बरा! जन्मल्या जन्मल्या एवढंच कौतुक वाट्याला आलं. सांगतो कशाला, फार लागलं मनाला.

दुकानाच्या फळीवर तर माझी आणखीच पंचाईत झाली. डाव्या हाताला जाळीवाला हेडफोन होता. त्याचा आवाज इतका स्वच्छ की गाणारा शेजारी बसलाय असं वाटावं, पण बाहेरचा गोंगाटही त्याच जाळीतून आत. उजव्या हाताला बटणवाला. बटण दाबलं की सगळं जग गप्प. दोघांचा तोरा विचारू नका. मी मधला, गुबगुबीत कुशनचा आणि लांब वायरचा. मला हात लावायला फक्त धूळ यायची.

एके दुपारी एक सासूबाई आणि त्यांची सून दुकानात आल्या. सूनबाई घरी बसून एका डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर पेशंट तपासून बोलून ठेवत, ही ऐकून टाइप करून पाठवी.

"आधी जाळीचा घेतला होता," ती दुकानदाराला सांगू लागली. "आवाज सुरेख, पण घरातलं सगळं आत यायचं."

"सगळं म्हणजे मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःवर हसता यायचं, हे मला तेव्हाच आवडलं.

झालं होतं असं. सूनबाईची बोटं कानाची गुलाम. कानात पडेल ते डोक्याला न विचारता टाइप करायची. त्यामुळे एका रिपोर्टमध्ये "रक्तदाब नियंत्रणात" याच्या पुढे गेलं, "अहो, चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे." डॉक्टरांनी ते पेशंटला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पेशंटनं खरंच डोकं चाचपून पाहिलं.

मग तिनं बटणवाला आणला. सासूबाई बाजारात गेल्या असताना सासरे गच्चीत गेले आणि दाराची कडी आतून पडली. काचेवर थापा मारून मारून त्यांचा हात दुखला. सूनबाई पाठमोरी बसून शांतपणे टाइप करत होती. सासूबाई परतेपर्यंत बिचारे उन्हात कुंड्यांशी गप्पा मारत बसले.

"डॉक्टर म्हणालेत, आणखी एक चूक झाली तर काम दुसऱ्याला देईन," सूनबाई म्हणाली. "मला हे काम सोडायचं नाही हो. जमतं मला ते. पण घरात कुणी अडकलं तर ऐकूही यायला हवं ना?"

दुकानदारानं ढमढम वाजणारं गाणं लावलं. तिनं ते बंद केलं. डॉक्टरांचं रेकॉर्डिंग दुकानात वाजवणं बरं नव्हे, म्हणून तिनं सासऱ्यांना कवळी काढून वर्तमानपत्र वाचायला लावलं होतं आणि ते फोनवर भरून आणलं होतं. हुबेहूब डॉक्टरांसारखं पुटपुटणं!

"चष्मा काढून बघा मॅडम, घट्ट बसेल," दुकानदार म्हणाला.

"चष्मा काढून टाइप काय करू, कपाळ?"

सासूबाई तिच्या मागे उभ्या राहून हाका मारू लागल्या. जाळीवाल्यातून त्यांचं साधं खोकणंही आत गेलं. बटणवाला गाण्यांच्या ठेक्यासाठी घडवलेला, सासऱ्यांचं पुटपुटणं त्यात बुडून गेलं. वर सासूबाई "अगं, अगं" करत राहिल्या, सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली, ही आपली हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावतेय.

शेवटी माझी पाळी आली. चष्म्याच्या काड्या माझ्या मऊ कुशनमध्ये रुतल्या, कुठे फट राहिली नाही. पुटपुटणं अक्षरन् अक्षर सुटं ऐकू आलं. सासूबाईंनी "अहो!" अशी हाक मारली, तर दुकानदारच "काय?" म्हणून पुढे आला. सूनबाईपर्यंत ती हाक पुसट पोचली. "अगं"ही तशीच पोचली.

"दोन्ही येतंय थोडं थोडं," ती खट्टू झाली.

"आई, अहो अडवून अगं आत सोडणारा हेडफोन अजून निघाला नाही," दुकानदार म्हणाला.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "तेवढं मी बघते. अहो हळू, अगं मोठ्यानं. बांधा हाच."

"हा बरा आहे," सूनबाई म्हणाली. त्या 'बरा'नं मी फुलून गेलो.

पण लग्नापासूनची सवय अशी सुटते होय? दिवसातून कितीदा तरी सासूबाईंचा "अ" मोठा निघायचा आणि "हो" जिभेवरच चावला जायचा.

एक दिवस डॉक्टर बिस्किट खात बोलले असावेत. "गाठ वाढलेली..." आणि पुढे नुसता कुरकुरीत आवाज. 'आहे' की 'नाही'? त्याच क्षणी स्वयंपाकघरात सासूबाईंनी मोठा श्वास घेतला. आता ही हाक आली की संपलं! पण त्यांनी तो श्वास तसाच सोडला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, किल्ली कुठे ठेवलीत?" माझ्या कुशननं ते बाहेरच थोपवलं. आणि बिस्किटाच्या चुऱ्यातून एक इवलासा 'ना' सूनबाईला सापडला. तिनं पुन्हा पुन्हा ऐकलं, तरी खातरीसाठी फोन केला.

"वाढलेली नाही. बरोबर," डॉक्टर म्हणाले. "त्या पेशंट बाई बाहेरच बसल्यात, आत्ताच सांगतो त्यांना. आणि काम चालू ठेवा बरं का. चष्मा सापडला ना?"

सूनबाईनं मला गळ्यात उतरवलं, म्हणून पुढचं मला ऐकता आलं. सासऱ्यांनी पहिल्याच हाकेला "ओ, खुंटीवर आहे," असं उत्तर दिलं होतं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं?" सासूबाई थक्क झाल्या.

"हळू बोललीस की येतं. ओरडलीस की वाटतं, रागावलीस. मग मी गप्प बसतो."

सासूबाईंनी त्या दिवशी दोनदा चहा केला.

आता मी म्हातारा झालोय. कुशनचे काळे पापुद्रे सूनबाईच्या कानाला चिकटू लागले, तेव्हा सासूबाईंनी जुन्या सुती कापडाच्या खोळी शिवल्या. वायरला चिकटपट्टी आहे. नव्या हेडफोनची बोलणी चाललीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच सांगतो, निवडाल तेव्हा स्वतःचा चष्मा लावून, स्वतःच्या कामाचा आवाज ऐकून निवडा. आणि हाक मारणारं माणूस सोबत न्या. अर्धं काम माझं असतं, अर्धं त्यांचं.

थांबा हं, हाक आली. हळू नाही, चांगली खणखणीत आहे. "अगं!"

म्हणजे आमचीच. येतो.