सोमवारचे मासे

वाघतळ्याच्या तलावात मासे किती आहेत, हा प्रश्न ग्रामसभेने विचारला, तेव्हा उत्तर देण्यास प्राध्यापक मल्लेश याच्याइतका योग्य माणूस जिंतूर तालुक्यात दुसरा नव्हता. तो महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवी. गोड्या पाण्यातील मासे हा त्याचा विषय होता. आणि त्याच्या शिवभक्त घराण्यात कोणी कधी मासा खाल्लेला नसल्याने चवीमुळे मत कलण्याची शक्यता नव्हती. शिवाय वाघतळे ही त्याची सासुरवाडी होती. या शेवटच्या बाबीचा मोजणीवर परिणाम होऊ शकेल, असे सुरुवातीला त्याला वाटले नव्हते.

प्रश्न उद्भवला रामहरीमुळे. पुण्याजवळच्या एका पर्यटन केंद्रात काही वर्षे नोकरी करून तो गावी परतला होता आणि तलावावर गळाचे केंद्र काढायचे त्याच्या मनात होते. परभणी-नांदेडचे हौशी लोक रविवारी येतील, काठावर बसून गळ टाकतील, मासा लागला की फोटो काढतील आणि त्याला परत पाण्यात सोडतील. जेवण बचत गटाच्या बाया देतील. सरपंच चांगुणाबाईंना कल्पना पटली होती, पण त्या सावध बाई होत्या.

"आधी जावयाला इचारा," त्या सभेत म्हणाल्या होत्या. "तळ्यात मासेच नसले तं लोकं काय चिखलाचे फोटो काढतील? सर हाव म्हणले तं हाव. न्हाई म्हणले तं विषय बंद."

म्हणजे रामहरीचे केंद्र मल्लेशच्या एका शब्दावर अवलंबून होते. हे दोघांनाही ठाऊक होते.

सोमवारी सकाळी मल्लेशला तास नसत आणि सोमवारीच त्याची पत्नी वैजयंती माहेरच्या महादेवाला येत असे. त्यामुळे पाहणीचा वार आपोआप ठरला. मोटरसायकलवरून तो तिला घाटाच्या पायऱ्यांपाशी सोडी आणि बांधावरून पलीकडच्या काठाला जाई. तिथे मच्छीमार सोसायटीचा व्यंकटी जाळे घेऊन थांबलेला असे. घाटापासून पाण्यातल्या दगडी नंदीपर्यंत कोणी जाळे टाकत नसे. तिथले मासे देवाचे. सोमवारी बायका त्यांना ज्वारीच्या लाह्या घालत. मल्लेशने नकाशावर तेवढा भाग रेघोट्यांनी भरून त्यावर 'श्रद्धेचे क्षेत्र' असे लिहिले होते आणि तो पाहणीतून वगळला होता. देवळातही तो कधी जात नसे. घाटाकडे पाठ करून काम करणे त्याला सोयीचे वाटे.

पद्धत सोपी होती. जाळ्यात आलेल्या माशांच्या शेपटीच्या पराचे टोक किंचित कापायचे आणि त्यांना सोडून द्यायचे. पुढच्या खेपेस सापडलेल्यांत खुणेचे किती, ते पाहायचे. खुणेचे मासे पुन्हापुन्हा सापडू लागले, तर तलावात एकूण मासे थोडे; नवेच सापडत राहिले, तर पुष्कळ.

"सर, तुमी खात न्हाई, इकत न्हाई, नुसतंच शेपट्या कातरायलाव," व्यंकटी म्हणे. "मासे म्हणत आसतील, ह्यो न्हावी कुठून आला?"

मल्लेश हसे. मात्र त्याचे लक्ष नेमके त्याच वेळी पाण्यावरून येणाऱ्या दुसऱ्या हसण्याकडे असे. सकाळी पाण्यालगतची हवा थंड असते, त्यामुळे ध्वनी वर न विरता पृष्ठभागाकडे वळतो आणि दूरवर पोचतो. ही गोष्ट तो विद्यार्थ्यांना शिकवत असे. कारण ठाऊक असल्याने ऐकू येणे कमी होत नव्हते. घाटावर वैजयंती हसत होती, आणि ती घरी तशी हसत नसे.

तिच्याशेजारच्या पायरीवर रामहरी बसलेला असे. गळ न आणता, मुठीत लाह्या घेऊन.

"जमादार आला होता आज," परतताना ती मागच्या सीटवरून म्हणाली.

"कोण जमादार?"

"मोठा मासा हो. ओठ फाटलेला. रामहरीनं नाव ठेवलंय. सगळ्यांच्या आधी येतो, आणि बाकीच्यांनी खाल्लं की त्यांना ढुशा देतो. रामहरी म्हणतो, निजामाच्या वेळचाच असंल, अजून वसुली करायलाय."

"कटला असेल. वरच्या थरात खातो. आणि मासा इतकी वर्षे जगत नाही."

"ते कळलं मला," वैजयंती म्हणाली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी याच रस्त्यावर त्याने तिला कटला, रोहू आणि मृगळ यांतला फरक समजावून सांगितला होता. तोंड वर, तोंड समोर, तोंड खाली. तिने तो लक्षपूर्वक ऐकला होता. आता एका फाटक्या ओठाच्या माशाने ती सारी वर्गवारी बाजूला सारली होती.

आणखी एक निरीक्षण त्याने केले होते, आणि ते कोणालाही सांगण्यासारखे नव्हते. गावातल्या प्रत्येक पुरुषाला वैजयंती काका, दादा किंवा भाऊ म्हणे. रामहरीला नुसते रामहरी. दोघे सातवीपर्यंत एका वर्गात होते, हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण होते. रामहरी तिला 'वैजू' म्हणे आणि मल्लेशला 'दाजी'. ज्याअर्थी तो दाजी म्हणतो, त्याअर्थी तो वैजयंतीला बहीण मानतो. तर्क निर्दोष होता. तरीही 'काय म्हणतेत मासे, दाजी?' ही हाक बांधावरून आली की मल्लेशच्या हातातली कातर एखाद्या पराचे टोक जरुरीपेक्षा थोडे जास्त कापून जाई.

आठवडे गेले, तसे जाळ्यात खुणेचे मासे वाढत चालले. चिलापी, थोडे मृगळ, एखादी मरळ; आणि पुन्हा तेच चिलापी. व्यंकटीही त्यांना ओळखू लागला. आकडे मांडल्यावर चित्र स्वच्छ होते: तलावात मासे थोडे होते, आणि गळाला लागण्याजोगे मोठे मासे त्याहून थोडे.

मल्लेशला समाधान वाटले. निष्कर्ष निश्चित झाला की प्रत्येक संशोधकाला वाटते तेवढेच ते आहे, असे त्याने ठरवले. अहवालाचा मसुदा त्याने एका बैठकीत लिहिला. 'सद्यःस्थितीत गळाच्या केंद्रास मासळीचा साठा अपुरा आहे.' हे वाक्य त्याने चार वेळा वाचले. त्यात सुधारण्यासारखे काही आढळले नाही.

ग्रामसभेच्या आदल्या सोमवारी चारठाण्याच्या फाट्यावर मोटरसायकलचे चाक बसले. पंक्चर काढून घाटावर पोचेपर्यंत ऊन वर आले होते. लाह्या टाकून बायका परतू लागल्या होत्या. व्यंकटी कंटाळून बाभळीखाली आडवा झाला होता. जाळे फार उशिरा पडले.

ते ओढताना व्यंकटीला मल्लेशची मदत घ्यावी लागली.

"आरं बाप्पा!" व्यंकटी म्हणाला. "सर, हे कुठलं पाव्हणं?"

जाळ्यात रोहू होते, कटला होते, हातभर लांबीचे. शेपट्या अखंड. खुणेचे एकदोन चिलापी त्यांच्यात ओशाळल्यासारखे दिसत होते. मल्लेशने सगळे तपासून सोडून दिले. जाळ्यात गुदमरून एक रोहू मेला होता. व्यंकटीने तो हक्काने उचलला.

"थांब," मल्लेश म्हणाला. "आधी मला आतडे पाहू दे. मग ने."

काठावरच्या सपाट दगडावर त्याने तो चिरला. रोहूला जठर नसते. घशातल्या दातांनी दळलेले अन्न सरळ आतड्यात उतरते. आतड्याच्या सुरुवातीलाच पांढरट लगदा होता, आणि लगद्यात अर्धवट दळलेल्या ज्वारीच्या लाह्या होत्या.

त्याने मान वर करून घाटाकडे पाहिले. सगळ्या पाहणीत घाटाकडे नीट पाहण्याची ती त्याची पहिलीच वेळ होती.

स्पष्टीकरण कोणत्याही द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला सुचले असते. सोमवारी सकाळी तलावातले बहुतेक मोठे मासे लाह्यांसाठी घाटाशी जमत. पलीकडे उरत ते लाह्यांकडे न फिरकणारे थोडे. तेच पुन्हापुन्हा जाळ्यात येत, म्हणून खुणेचे मासे जास्त आणि साठा कमी दिसे. आज जाळे उशिरा पडले आणि जेवण आटोपून परतणारी पंगत त्यात सापडली. त्याने तलावातले मासे मोजलेच नव्हते. देवाला न जाणारे मासे तेवढे मोजले होते.

"घेऊ का आता?" व्यंकटीने विचारले.

"घे."

त्या आठवड्यात मसुदा टेबलावरच होता. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. पद्धत ग्रंथांत दिलेली होती. रोहूच्या आतड्यातला पुरावा व्यंकटीच्या घरी कालवणात गेला होता. वाघतळ्यात कोणी 'तुम्ही सोमवारीच का मोजले?' असे विचारणार नव्हते. मसुदा आहे तसा वाचला की केंद्र बंद, आणि ते बंद झाले की रामहरी पुण्याला परत जाण्याची बरीच शक्यता होती. ही शक्यता मल्लेशने कोठेही मांडली नाही. पण ती त्याला कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होती.

सभा देवळाच्या मंडपात भरली. मागे बायकांत वैजयंती बसली होती. रामहरी खांबाला टेकून उभा होता आणि त्या दिवशी प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. मल्लेशला ते पाहून बरे वाटले. बरे वाटल्याची त्याने नोंद घेतली, आणि नेमक्या त्या नोंदीमुळे हातातला कागद वाचणे त्याला अशक्य झाले. ज्या निष्कर्षाने आपल्याला इतका आनंद होतो, तो पुन्हा तपासावा, असे तो दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत आला होता.

"माझी मोजणी चुकली आहे," तो म्हणाला. "सोमवारी मासे घाटावर असतात. मी पलीकडे मोजत होतो. दुसऱ्या वारी पुन्हा मोजावे लागेल."

मग चांगुणाबाई म्हणाल्या, "मंजे सर, सोमवारी मासे लाह्या खायला येतेत, हे आमच्या बारक्या पोरीलाबी ठावं हाय. तुमी आमाला इचारायचं की!"

"तसं न्हाई, चांगुणाकाकू," रामहरी म्हणाला. त्याचा विनोद परत आला होता. "दाजींनी माशांना इचारलं. मासे लाह्या खायला गेल्ते, घरी कोण व्हतं सांगायला?"

सगळे हसले. वैजयंतीही हसली, हे त्याने मागे न पाहता ओळखले. मग रामहरी पुढे आला आणि सर्वांसमोर त्याने मल्लेशचा हात हातात घेतला. "दुसरा कुणी आसता तं न्हाई म्हणून मोकळा झाला आसता," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट शोधण्याचा मल्लेशने प्रयत्न केला. ती सापडली नाही, आणि त्याचा त्याला विशेष राग आला.

किरकोळ रजा टाकून त्याने पुढच्या पाहण्या गुरुवारी केल्या. मासे पुष्कळ होते. अंतिम अहवाल जितका अचूक होता तितकाच रामहरीच्या सोयीचा होता: साठा पुरेसा, कटला पृष्ठभागाजवळ कणकेच्या गोळीला येईल, मृगळ तळाशी गांडुळाला, मरळ पिलांची राखण करते त्या काळात तिच्यासाठी गळ टाकू नये, पावसाळ्यात विणीच्या दिवसांत केंद्र बंद ठेवावे, घाटापासून नंदीपर्यंत कायम मनाई.

शेवटी दोन अटी त्याने स्वतंत्रपणे घातल्या. सोमवारी मासे एका जागी दाटतात, सबब सोमवारी केंद्र पूर्ण बंद राहावे. आणि हाताने खाऊ घातलेला मासा माणसाला बुजत नाही व सहज गळाला लागतो, सबब केंद्राच्या चालकाने घाटावर माशांना लाह्या घालू नयेत. दोन्ही अटींना शास्त्रीय आधार होता. मल्लेशने तो दोनदा पडताळून पाहिला. आधार भक्कम निघाला, हे त्याच्या दृष्टीने सुदैवच म्हणायचे.

गावाला सोमवारची अट फारच आवडली. सरांच्या मनात अखेर महादेव आला, असे चांगुणाबाई म्हणाल्या. रामहरीने दोन्ही अटी मान्य करून अंगठा वर केला.

त्यानंतरच्या सोमवारी घाटावर वैजयंतीच्या शेजारची पायरी रिकामी होती. पाहणी संपली असूनही सवयीने पलीकडच्या काठाला गेलेल्या मल्लेशने ती तिथून दोनतीन वेळा पाहिली. पाण्यावरून कसलाही आवाज आला नाही.

परतताना चारठाण्याचा फाटा मागे पडल्यावर वैजयंती म्हणाली, "लाह्यांची अट कुणाला सुचली?"

"आकडेवारीवरून निघाली."

"बरं." तिने वाऱ्यावर उडणारा पदर सावरला. "जमादार आज आला नाही. वाट पाहून पाहून लाह्या भिजल्या."

"ठिकाण बदलले असेल. मासे फिरतात."

"तेच म्हणते मी. रामहरी म्हणत होता, बुधवारी तो पलीकडच्या काठाला गळ टाकायला शिकवणार आहे, बचत गटातल्या बायांना. लोक आले तर दाखवायला नको का कुणी? मी पण नाव दिलंय."

मोटरसायकलचा वेग किंचित कमी झाला.

"आपल्या घरात गळ?"

"सोडूनच द्यायचाय हो मासा. तुम्ही तर चिरता."

"बुधवारी माझी प्रात्यक्षिके असतात," तो म्हणाला. "तुला सोडायला जमणार नाही."

"एसटी आहे की सकाळची. तुम्ही नका त्रास घेऊ."

जिंतूरमध्ये शिरताना घराकडे न वळता मल्लेशने मोटरसायकल महाविद्यालयाच्या दिशेने घेतली.

"इकडं कुठं?" वैजयंतीने विचारले.

"वेळापत्रक पाहायचे आहे," तो म्हणाला. "बुधवार बदलून मिळतो का, ते."