थर्झाचं सूप

थर्झा पेनरोजइतकी सोशिक बाई ॲडलेडकडच्या मूंटा गावी, तांब्याच्या खाणीवर, दुसरी नाही, असं सगळ्या चॅपलचं मत होतं. मार्चमध्ये तिचा नवरा जेबेझ गेला, मे महिन्यात धाकटी मुलगी. दोघांनाही उलट्या, पोटात आग. डॉक्टरांनी दोन्ही वेळा टायफॉइड लिहून हात झटकले. बायका केशराचे केक घेऊन येत, थर्झाची पाठ कुरवाळत, आणि ती काळ्या पोशाखात नव्या नवरीसारखं सगळं करवून घेई.

जेबेझची बहीण लव्हडे हे पाही आणि तिच्या मस्तकात तिडीक जाई. तो जिवंत होता तेव्हा या बाईने त्याला कधी धड गरम चहा दिला नव्हता.

जुलैत त्याच घरात जेबेझ-लव्हडेची म्हातारी आई अंथरुणाला खिळली. तेच दुखणं. लव्हडे तिच्या सेवेला राहायला आली, आणि दुसऱ्याच सकाळी स्वयंपाकघरात फळीमागे तिला एक बशी दिसली. बशीत माश्या मारायचे सोमल-विषाचे कागद भिजत होते. तिकडे जुलै म्हणजे ऐन थंडी; घरात औषधालाही माशी नव्हती.

थर्झा सूपाचा वाडगा घेऊन आईच्या खोलीकडे निघाली, तेव्हा लव्हडे दारातच उभी राहिली.

"वहिनी, आधी तुम्ही दोन घोट घ्या."

"माझा आज उपास आहे, वन्सं."

"सकाळी पाव खाल्लात तेव्हा नव्हता वाटतं."

लव्हडेने वाडगा काढून घेतला, वर फडकं बांधलं आणि तडक डॉक्टरांकडे नेला. नणंद-भावजयीची भांडणं माझ्या दारात नकोत, असं डॉक्टर म्हणाले. थर्झासारख्या देवमाणसाबद्दल असं बोलताना जीभ कशी झडत नाही, असंही म्हणाले.

लव्हडेने वाडगा पुढे सरकवला. "मग प्या की. मटणाचं पाणीच तर आहे."

डॉक्टरांनी चमचा उचलला, वास घेतला, खाली ठेवला. थोडा वेळ मिशी कुरवाळली. मग हवालदाराला बोलावणं धाडलं.

ॲडलेडच्या तपासणीत सोमल निघाला. सूपात, आणि उकरून काढलेल्या दोन्ही प्रेतांतही. फाशीआधी पाद्रीबाबांनी कारण विचारलं, तेव्हा थर्झा म्हणाली, घरात कुणी गेलं की लोक फार मायेनं वागतात.

आई वाचली. डॉक्टर स्वतःच्या चाणाक्षपणाचे किस्से सांगू लागले. चॅपलच्या बायकांना तर म्हणे पहिल्यापासूनच शंका होती.

लव्हडे पाथरवटाला घेऊन भाचीच्या थडग्याशी गेली. दगडावर 'देवाची इच्छा' असं कोरलं होतं. ते तिने समोर उभं राहून खरवडून घेतलं. पाद्रीबाबा अडवायला आले.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्याच्या नावावर पुष्कळ खपवलंत."