मळभाची वाट

मळभ म्हटलं की लोकांची तोंडं उतरतात. म्हणे दिवस कुंद, मन उदास. आमच्या घरी मात्र मळभ आलं की आई चहा अर्धा टाकून चपला सरकवायची. ती आणि मी एकाच डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला. मी टाक्यांवर, ती शेड जुळवायला. रंगावरची शेवटची नजर ती मळभातच टाकायची. ऊन रंगाला चढवतं आणि ट्यूबलाइट सरळ खोटं बोलते, असं तिचं म्हणणं.

नव्या मॅनेजरना हे थोतांड वाटायचं. तेवढ्यात एका नाट्यगृहाचं काम आलं. तिथला लाल पडदा अर्धा जळाला होता आणि उरलेल्याला शोभेल असं कापड रंगवून हवं होतं. मॅनेजरनी ट्यूबलाइटखाली एक नमुना पास केला. आईनं दुसरा काढला, पण मळभात बघितल्याशिवाय हो म्हणेना. आकाश तर लख्ख. शेवटी मॅनेजरनी आईला सुनावलं, "शुक्रवारी माझा नमुना जाईल आणि तुम्ही पॅकिंगला जाल." बावीस वर्षं रंगात काढलेली बाई पॅकिंगला! माझं डोकंच फिरलं.

गुरुवारी ढग दिसले तशी मी धावत तिला सांगायला गेले. तिनं खिडकीतून नुसतं पाहिलं.

"हे ढगाळ झालं. अंगणात सावल्या पडतायत बघ. मळभात सावली नसते."

शुक्रवारी उजाडलं तेच राखाडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं. नाट्यगृहाच्या बाई आल्या तेव्हा आईनं जुन्या पडद्याचा धुऊन इस्त्री केलेला तुकडा आणि दोन्ही नमुने डाईंगच्या अंगणातल्या टेबलावर मांडले. मॅनेजरचा नमुना चक्क विटकरी दिसत होता. तो मॅनेजरनी स्वतःच उचलून बाजूला ठेवला. आपल्या नमुन्याकडे आई बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं उरलेले दोन तुकडे शेजारी शेजारी सरकवले आणि बाईंना विचारलं, "यातला तुमचा जुना कुठला?"

बाईंनी बेधडक एकावर बोट ठेवलं. आईनं दुसरा उलटा केला. त्याच्या पाठीवर नाट्यगृहाचा शिक्का होता.

बाई हसायलाच लागल्या. मॅनेजर आधी आभाळाकडे बघत राहिले, मग आईकडे.

"साहेब," आई म्हणाली, "पॅकिंगला दुसरं कुणीतरी बघा."

टाक्यांवरचे सगळे दारात येऊन बघत होते. त्यांच्यासमोर मी टाळ्या वाजवल्या.