माझ्यावरचा अकरा नंबर

मी एक जुना किल्ल्यांचा फळा आहे. तळ्याकाठच्या एका हॉटेलात, काउंटरच्या मागच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्या अंगावर बारा खिळे आहेत आणि त्यांच्या वर बारा पितळी आकडे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला आता फारसं काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं का, तेही नीट आठवत नाही.

मला एका सुताराने बनवलं. फळीला रंधा मारताना तो सारखा शिंकत होता. सातचा आकडा तिरका बसला, तेव्हा तो म्हणाला, "चालतंय की!" तो आकडा अजून तिरकाच आहे.

काउंटरवर एक ताई बसायची. मालकापासून सफाईवाल्या मावशीपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिची एक पद्धत होती. पाहुणा आला की आधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं. तो पाणी पिईपर्यंत ती त्याला न्याहाळायची आणि मग माझ्यावरची एक किल्ली उचलायची. गुडघे धरून बसणाऱ्याला बिनपायरीची खोली. धुडगूस घालणारी पोरं असली की टोकाची, म्हणजे शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप नको. आणि आल्या आल्या आरडाओरडा करणाऱ्याला दोन नंबर. दोन नंबरच्या भिंतीला लागून पाण्याचा पंप होता आणि तो पहाटेच सुरू व्हायचा.

हे सगळं न्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. मालकाचे व्याही आले की तळ्याकडची खोली त्यांनाच मिळायची, मग आधीचा पाहुणा कितीही दमलेला असो. ताईला एखाद्याचा चेहरा आवडला नाही की त्याचं काही खरं नसायचं. मी हे सगळं बघत होतो. तेव्हाही गप्पच होतो.

दरवर्षी सुट्टी लागली की घड्याळवाले काका आणि काकू यायचे. काका घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना अकरा नंबर लागायची. ती व्हरांड्याच्या टोकाला, माझ्या अगदी समोर. तिथल्या खिडकीची कडी अडकायची, ती काकांनी एका वर्षी आपल्या चिमुकल्या स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त केली. तेव्हापासून रोज सकाळी ती कडी तेच उघडायचे आणि काकूंना हाक मारायचे, "अगं, तळं बघ!" वीसेक वर्षं हे असंच चाललं.

मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. एका वर्षी काकू पहिल्या सकाळी धावतच काउंटरवर आल्या. डोळे भरलेले. "ताई, यांनी खिडकी उघडली आणि मला नावाने हाक मारली हो! आठ महिन्यांत पहिल्यांदा!" ताईने त्यांचा हात धरला.

त्याच वर्षी हॉटेलचा कारभार मालकाच्या जावयाकडे गेला. जावईबापू माणूस वाईट नव्हता, पण त्याला स्वस्थ बसवत नसे. तो म्हणाला, "ताई, आता कुणाची मर्जी नको. पाहुणा घरबसल्या कॉम्प्युटरवर खोली निवडेल. निवडायची असेल तर थोडे जास्त पैसे. नसेल तर मिळेल ती. यात कुणावर अन्याय आहे, सांगा बरं?"

ताईने नोंदवही मिटून ठेवली. अन्याय कुठे आहे, ते मलाही सांगता आलं नसतं.

तळ्याकडच्या खोल्या आधी दिसाव्यात म्हणून त्याने नंबर उलटे फिरवले. बाराची एक झाली, अकराची दोन. आणि पंपाशेजारची जुनी दोन नंबर, ती झाली अकरा. दारांवर नव्या पाट्या आल्या, किल्ल्यांच्या जागी कार्डं आली. मला मात्र शोभेसाठी तसंच ठेवलं, जुन्या किल्ल्या आणि जुन्या आकड्यांसकट. "जुनं आहे, छान दिसतं," असं जावईबापू म्हणाला. माझं कौतुक झालं ते एवढंच.

पुढच्या सुट्टीच्या आधी एक दिवस ताई कॉम्प्युटरकडे बघून हसली. काकूंच्या भाचीने त्यांच्यासाठी खोली निवडली होती. अकरा नंबर, जास्तीचे पैसे भरून. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अकराचा आकडा माझ्यावर होता तिथेच होता, त्याखाली तीच किल्ली. "घेतली बाई काकूंनी आपली अकरा," असं म्हणून ती निर्धास्त झाली. वीस वर्षांची सवय. ती माझ्यावर विसंबली आणि मी तिला जुनं तेच दाखवलं.

काका-काकू आले. काका कुणाचं न ऐकता सरळ व्हरांड्याच्या टोकाला चालत गेले. पायांना रस्ता पाठ होता. दार उघडलं ते एका अनोळखी गृहस्थाने. आत पलंगावर त्याची लहान मुलगी होती, पायाला प्लॅस्टर.

"अहो, ही आमची खोली," काकू म्हणाल्या. "आम्ही पैसे भरलेत."

"मीही भरलेत हो," तो म्हणाला. "हिला पायरी चढवत नाही, म्हणून तर मुद्दाम ही घेतली."

ताई धावत गेली आणि दारावरच्या दोनच्या पाटीकडे बघतच राहिली. पूर्वीचे दिवस असते तर तिने एक किल्ली काढून दुसऱ्या खिळ्यावर टांगली असती आणि विषय मिटवला असता. आता कुणाला उठवायचं? दोघांनी मागूनच घेतलं होतं, दोघांचंही बरोबर होतं.

तो गृहस्थ भला होता. "काकांना थोडा वेळ आत बसू द्या," असं तोच म्हणाला. काका आत गेले, खिडकीपाशी उभे राहिले. कडीवर हात ठेवला. मग त्यांना पलंगाखालच्या चपला दिसल्या, खुर्चीवरचे कपडे दिसले. त्यांनी हात मागे घेतला आणि काकूंना अगदी अदबीने म्हणाले, "बाई, चला. ही दुसऱ्या कुणाची तरी खोली आहे." हे ताईने नंतर मावशीला सांगितलं, माझ्याकडे पाठ करून.

ते आठ दिवस पंपाशेजारी राहिले. काकांनी नावाने हाक मारली नाही.

यंदा काकू एकट्याच आल्या. ताईने उठून त्यांना बसवलं, पाणी दिलं. "काकू, ती खोली रिकामी आहे. जास्तीचं मी बघते."

"नको गं," काकू म्हणाल्या. "कुठलीही दे."

त्या पाणी प्यायल्या आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेवढे आकडे बदल बाई त्या फळ्यावरचे. अजून कुणीतरी चुकेल." असं म्हणून त्यांनी पिशवीतून काकांचा तो चिमुकला स्क्रूड्रायव्हर काढला आणि ताईच्या हातात ठेवला.

ताई स्टुलावर चढली. अकराचा आकडा निघाला, तिथे दोनचा बसला. मला काही दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

मित्रांनो, पैसे घेऊन खोली निवडू द्यावी की नाही, ते तुम्ही मोठे झालात की ठरवा. मला ते अजून ठरवता आलेलं नाही. पण कुणी ठरावीक खोलीच मागितली, तर पैसे घेण्याआधी एकदा विचारा, "हीच का हवी?" आमच्याकडे त्या दिवशी एवढं कुणी विचारलं असतं, तर काकूंनी त्या खिडकीचं सांगितलं असतं.

आता माझ्यावरचे सगळे आकडे बरोबर आहेत. तेवढा सात ताईच्या हातूनही तिरकाच बसला.