लेकराची माती

फर्दापूरच्या डोंगरातल्या गुहेत करुणा साळवेला जबड्याचं हाड सापडलं, तेव्हा तिचे पाय जमिनीला लागेनात. दुधाच्या दातांचं, लहान लेकराचं आणि हजारो वर्षांपूर्वीचं. उमेदीची सगळी वर्षं उत्खननात माती चाळण्यात गेली, नातेवाइकांनी खुळी ठरवलं, आता कुठं पदरात काही पडत होतं. फक्त हाडाचं वय ते ज्या थरात रुतलंय त्यावरून ठरायचं होतं. जागचं हललं की संपलं सगळं.

वय ठरवणारे साहेब विमानानं यायचे होते. त्यांना आणायला ती चिकलठाण्याच्या विमानतळावर गेली, अन् विमान रखडलं ते रखडलंच. गुहेत कुत्री शिरतात. त्या धास्तीनं तिनं कामावरच्या पारूबाईला फोन लावला. पारूबाईशी ती तिच्याच बोलीत बोलायची.

"मावशी, आज येणं व्हत नाय. लेकराला उघडं ठिवू नका, माती द्या."

झाकून ठेवा म्हणायचं होतं हो तिला. पण गावात माती देतात ती मेलेल्या माणसाला, हे बाईसाहेबांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन ती पोचली, तर खड्डा रिकामा अन् कडेला पहारीचे घाव. तिनं धावत जाऊन पारूबाईला गाठलं.

"लई चिवट बसलं व्हतं, ताई," पारूबाई म्हणाली. "कामावरच्या कचरूनं पहार लावली, तवा तुकडे झाले. पर समदे येचले. नव्या फडक्यात बांधून, मीठ घालून वढ्याकाठी पुरलं. त्याचं कुणीच नव्हतं, म्हून आमीच रडलो."

करुणानं ओरडायचं तरी कुणावर? शब्द तिचाच होता.

ओढ्याकाठी गावातली तान्ही लेकरं पुरतात. साहेब म्हणाले, "उकरू या. निदान तुकडे तरी वाचतील." करुणानं कुदळ घेतली अन् नेमकी जागा विचारली.

"ही काय," पारूबाईनं बोट दाखवलं. "माझी रूपा हाय ना हितं, तिच्या अंगाला लावून निजवलं. दोन महिन्यांची गेली माझी. म्हटलं, एकमेकांना सोबत व्हईल."

साहेब घाई करत होते. करुणानं कुदळ खाली ठेवली आणि पारूबाईच्या गळ्यात पडून ती हमसाहमशी रडली. आपलं आयुष्य पाण्यात गेलं, एवढंच तिला कळत होतं.

पारूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड बाई. लेकराचं दुःख असंच आसतं."