चुंबकाची ज्वारी

बोरीच्या रंगनाथनं पुढे केलेला पितळी डबा बन्सीधर सरांनी उघडला. आत राखेत मूठभर ज्वारी होती. हुरड्याची जुनी जात. रंगनाथची बायको दैवशाला ती दरसाल बांधाकडेला पेरून जगवायची. तिचे गुडघे दुखायला लागले, तशी मधली काही वर्षं राहून गेली.

"यंदा न्हाई उगवली तर जात खलास," रंगनाथ म्हणाला. "तुझं चुंबक लाव."

सर परभणीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. चुंबक म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारीची तांब्याची तार काढून या दोघा मित्रांनी विद्यार्थीदशेत गुंडाळलेली कॉइल. तिच्यात घरची वीज सोडली की चुंबकत्व क्षणोक्षणी दिशा बदलायचं. त्यात बी थोडा वेळ ठेवलं तर मोड लवकर येतात, असं निदान त्या दोघांचं मत होतं. त्या हिवाळ्यात याच आखाड्यावर, म्हणजे रंगनाथच्या शेतातल्या घरी, गोवऱ्यांच्या धगधगत्या आरापाशी बसून खाल्लेला हुरडा सरांच्या जिभेवर अजून होता. पुढे त्यांनी बऱ्याच परिषदांत जेवणं केली. त्यातलं एकही आठवत नाही.

दुसऱ्या साली रंगनाथनं डोकं लावलं. थोड्या वेळात एवढं, तर रात्रभरात किती! सगळं बियाणं रात्रभर कॉइलमध्ये राहिलं आणि वावर काळंच्या काळं राहिलं. त्याच्या वडिलांनी बन्सीधरला सायकलीसकट वाटेला लावलं. पुढे नोकरीभर सर वर्गात हेच सांगत आले: कारण दुप्पट केलं म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. लोखंडसुद्धा एका हद्दीपर्यंत चुंबकत्व घेतं, मग कितीही वीज सोडा, ढिम्म. बी तर जिवंत. ते आधी जागं होतं, आणखी छळलं तर कायमचं निजतं. पोरं हे लिहून घेत आणि परीक्षेत उलटं लिहीत.

आता सरांनी ज्वारीचे दोन वाटे केले. एक कॉइलसाठी, दुसरा नुसताच.

"नुसता कशाला?"

"फरक कळायला."

"तुला फरक पायजे, मला ज्वारी पायजे," रंगनाथ म्हणाला. "अजून जरा वेळ ठिव की."

"तुझं जरा मला ठाऊक आहे," म्हणत सरांनी बटण बंद केलं. दोन्ही वाटे ओल्या गोणपाटात वेगवेगळे गुंडाळायला दैवशालाकडे दिले आणि ते परभणीला गेले. चार दिवस त्यांना झोप नीट लागली नाही.

पाचव्या दिवशी सर परत आले, तेव्हा दैवशालानं कोंबड्या हाकलत गोणपाट उलगडला. बरीचशी ज्वारी मेलेली होती. पण मधूनमधून पांढरे मोड होते.

"दुसरा गोणपाट, वहिनी?"

"एकच केला, भाऊजी. मूठभर ज्वारीला दोन कशाला भिजवायचे?"

"म्हणजे चुंबकाची कोणती?"

"उगवली ती चुंबकाची," रंगनाथ म्हणाला. "मेली ती तुझ्या नुसत्या वाट्यातली."

सरांनी चष्मा पुसला. उभ्या जन्मातला एक पुरावा, तोही एका गोणपाटात गेला. मग त्यांनी एक मोडाचा दाणा अलगद तळहातावर घेतला.

"हुरड्याला येणार का, भाऊजी?" दैवशालानं विचारलं.

"आधी कोंबड्या कोंडा, वहिनी," सर म्हणाले आणि पायजमा वर खोचून वाफा करायला बसले.